वेबिल

डॉक्टर वाघचौरे सांगतात, रिकाम्या पट्ट्या घेऊन या.
मी आणतो. तारखेप्रमाणे, रबर लावून.
एकतीस वर्षं अशीच आणली होती
वडाळा डेपोच्या कॅशमध्ये तिकिटांची पेटी.
प्रत्येक स्टेजला नंबर लिही, उतरताना नंबर लिही,
शॉर्ट आलं तर पगारातून.
आमच्या सर्व्हिसमध्ये शॉर्ट दोनदाच. दोन्ही वेळा पावती आहे.

चेंबूर नाक्याला गाडीनं ब्रेक मारला
आणि मी दांड्यावर गेलो, त्याला आता नऊ वर्षं झाली.
मणक्यात दोन स्क्रू आहेत. एक्सरेत छान दिसतात.
कंबरेपासून डाव्या टाचेपर्यंत
कुणी घंटीची दोरी ओवून ठेवली आहे.
रात्री अडीचला ओढतात.
टण.
गाडी काही थांबत नाही.

शून्य ते दहा, किती दुखतं?
सहा म्हटलं तर गोळी कमी होईल,
नऊ म्हटलं तर त्या मान वर करून बघतील.
मी साडेसात म्हणतो,
सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या पॅसेंजरच्या आवाजात.

परळचा केमिस्ट चिठ्ठी उजेडात धरतो,
मग मला उजेडात धरतो.
ही आम्ही ठेवत नाही, आजोबा.
हिंदमाताला नाही, दादरला मालक जेवायला गेलेत.
तिथल्या बाकावर मी टेकत नाही.
टेकलं की पुन्हा उठावं लागतं.

घरी शालन मोजते. तांदळाच्या डब्यात लपवते,
जागा बदलते, मग स्वतःच विसरते,
आणि आम्ही दोघं सत्तरीला आलेली माणसं
रात्री डाळी उपसत बसतो.

डॉक्टर वाईट नाहीत.
एकदा म्हणाल्या, परुळेकर काका, भायखळ्याचा एक मुलगा होता,
हात मशीनमध्ये गेलेला, खरंच दुखायचं त्याला.
मी लिहीत गेले, तो मागत गेला.
मग एका सकाळी त्याच्या आईचा फोन आला.
पुढचं बोलल्या नाहीत.
पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

या महिन्यात दोन शॉर्ट.

खरं सांगायचं तर त्या रात्री दुखत नव्हतं.
हे मी शालनलाही सांगितलेलं नाही.
अडीच वाजून गेले, दोरी कुणी ओढली नाही,
मी वाट बघत पडलो होतो आणि त्या वाट बघण्याचीच भीती बसली.
एक घेतली, दुखेल म्हणून.
मग सगळं असं मऊ झालं,
शेवटची फेरी संपवून रिकामी गाडी डेपोला जाते ना, तसं,
दिवे बंद, कुणी चढणार नाही, कुणी उतरणार नाही.
दुसरी त्या मऊपणासाठी घेतली.

त्यांना म्हणालो, मोरीत पडल्या. ओल्या झाल्या, टाकून दिल्या.
पास घरी राहिला म्हणणारी माणसं
मी हजारांनी पाहिली आहेत.
बोलताना त्यांची नजर खिडकीबाहेर जाते.
काही जणांना मी तसंच बसू दिलं, काहींना भर उन्हात उतरवलं,
कुणाला का, ते आता आठवत नाही.
माझी नजर खिडकीबाहेर होती.
बाहेर वॉर्डाच्या चादरी वाळत घातल्या होत्या. एवढंच होतं बघण्यासारखं.

त्यांनी बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग चौदा लिहिल्या.
आता दर पंधरा दिवसांनी या, काका. मला भेटायला या, असं समजा.
म्हणजे महिन्यातून दोनदा तो जिना.
मला राग आला. आणि रागाच्या खाली, खोटं कशाला बोलू,
कुणीतरी गाडीत चढून पेटी तपासली
म्हणून जरा बरंही वाटलं.

येताना बसला कंडक्टर पोरगेलासा होता, हातात मशीन.
उतरायचं म्हणून मी सवयीनं हात वर नेला.
कंबरेत कळ गेली.
वर दोरी नव्हतीच.